जुन्या मॅकबुक एअरवर विंडोज: आधी ड्रायव्हर, मग पुसापुशी

२०१३ ते २०१७ या काळातला एखादा मॅकबुक एअर तुमच्या कपाटात पडून असेल तर तो भंगारात किंवा एक्स्चेंजच्या चार पैशांत घालवू नका. त्यावर विंडोज ११ बसतं आणि रोजच्या कामाला छान चालतं. मी इचलकरंजीत टॅलीचे वर्ग घेते. आमच्या गावात यंत्रमागवाले आणि सुताचे व्यापारी भरपूर, त्यामुळे हिशेब लिहिणारी माणसं कायम हवी असतात. शिकायला येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींच्या घरी कॉम्प्युटर नसतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणारे भाऊ, मामा, शेजारी आपले जुने मॅक देतात, पण टॅली चालतं विंडोजवर. एका मुलीची आई मला म्हणाली होती, "ताई, मशीन एवढं महागाचं, आणि ह्यात टॅलीच चालत न्हाई म्हणता?" चालतं. कसं, ते सविस्तर सांगते.

सगळ्या कामात एक गोष्ट मी पहिल्या नंबरला ठेवते. तुमच्याच मॉडेलचे ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, कॅमेरा वगैरे विंडोजकडून चालवून घेणारी सॉफ्टवेअर, हातात आल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही. विंडोज बसवणं अवघड नाही, ते अर्ध्या-पाऊण तासात बसतं. पण वायफाय नाही, कॅमेरा नाही, ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नाही, अशा अवस्थेत मशीन अडकलं की लोक हात टेकतात आणि ते पुन्हा कपाटात जातं.

तुमचा मॅक यात बसतो का

अ‍ॅपलनं नोव्हेंबर २०२० पासून एम१ आणि पुढच्या स्वतःच्या चिपचे मॅक आणले. त्यांच्यावर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर विंडोज बसवण्याची अ‍ॅपलची सोय, नाही, तेव्हा ते या लेखातून बाद. २०१८ पासूनच्या इंटेल मॅकबुक एअरमध्ये टी२ नावाची सुरक्षा चिप असते, तिची तयारी वेगळी करावी लागते. २०१२ आणि त्याआधीच्या मॅकवर या पद्धतीनं विंडोज बसवलं तर बऱ्याचदा आवाजच येत नाही. कोअर टू ड्युओच्या जमान्यातले मॅक तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून सुरूच होत नाहीत, कारण त्या प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत. मी जे सांगते आहे ते २०१३ ते २०१७ च्या एअरसाठी. उदाहरण म्हणून २०१७ चा तेरा इंची एअर घेऊ: आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी. आपल्याकडे विद्यार्थ्यांनी हाच खूप घेतला होता.

रॅम ४ जीबी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, विंडोज ११ च्या नादी लागू नका. एअरची रॅम बोर्डावरच डाखलेली असते, वाढवता येत नाही. एसएसडी मात्र बदलता येते.

आता मॉडेल नीट ओळखा. मशीन पालथं केलं की मागं बारीक अक्षरात ए१४६६ असं लिहिलेलं दिसतं. त्यावर विसंबू नका. तेरा इंची एअरवर २०१२ पासून २०१७ पर्यंत हाच नंबर आहे, आतलं सामान मात्र वेगवेगळं. त्याच ओळीत पुढे ईएमसी नंबर असतो: २०१५ च्या मशीनवर २९२५, २०१७ च्या मशीनवर ३१७८. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक', मग 'सिस्टम रिपोर्ट'. तिथे 'मॉडेल आयडेंटिफायर' समोर जे असेल ते स्वल्पविरामासकट वहीत उतरवून घ्या. २०१२ च्या एअरला मॅकबुकएअर५,२ असतं, २०१३-१४ ला ६,२ आणि २०१५ व २०१७ ला ७,२. पुढे हीच ओळख कामाला येणार आहे.

त्याच रिपोर्टमध्ये 'पॉवर' खाली बॅटरीचे सायकल, म्हणजे किती वेळा पूर्ण चार्ज वापरला गेला तो आकडा, बघा. या बॅटऱ्या १००० सायकलसाठी बनवलेल्या आहेत. आकडा त्याच्या पुढे गेला असेल, किंवा ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, तर आधी बॅटरी बदला. फुगलेल्या बॅटरीचं मशीन मुलीच्या हातात द्यायचं नाही.

देणाऱ्याकडून काय काय करून घ्यायचं

मशीन दुसऱ्याचं असेल तर त्यांना समोर बसवून, किंवा फोनवर सांगून, आयक्लाउडमधून साइन आउट करायला लावा आणि फोटो-कागदपत्रं काढून घ्यायला सांगा. मग मशीन बंद करून ऑप्शन की दाबून धरून सुरू करा. डिस्कची चित्रं दिसली तर ठीक. कुलपाचं चित्र आणि पासवर्डची चौकट आली तर कुणीतरी फर्मवेअरला, म्हणजे मशीनच्या चिपवरच्या मूळ सॉफ्टवेअरला, पासवर्ड लावलेला आहे. तो काढल्याशिवाय पेन ड्राइव्हवरून काहीच सुरू होत नाही, आणि तो मालकालाच माहीत असतो. ऑफिसकडून मिळालेल्या मशीनवर हे हमखास आढळतं. म्हणून देणारा माणूस समोर असतानाच ही परीक्षा घ्या.

मॅकची स्वतःची सिस्टम, मॅकओएस, हीही आधी शेवटच्या आवृत्तीपर्यंत न्या. २०१५ ते २०१७ च्या एअरला मॉन्टेरीपर्यंत जाता येतं. मॉन्टेरीची सुरक्षा अपडेट २०२४ मध्येच थांबली, मग हा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण मॅकचं फर्मवेअर मॅकओएसच्या अपडेटबरोबरच येतं, विंडोजमधून ते येत नाही. ही संधी पुन्हा मिळणार नाही.

ड्रायव्हर

मॅकवर 'युटिलिटीज' फोल्डरमध्ये 'बूट कॅम्प असिस्टंट' आहे. अ‍ॅपलनं बूट कॅम्प २००६ साली चाचणीसाठी आणलं आणि पुढच्या वर्षी मॅकओएसच्या लेपर्ड आवृत्तीबरोबर ते मॅकचाच भाग झालं. ते उघडा, पण त्यातली 'कंटिन्यू' बटणं दाबत पुढे जाऊ नका, कारण ते विंडोज १० पर्यंतच साथ देतं आणि ११ ची फाईल घेत नाही. वरच्या पट्टीत 'अ‍ॅक्शन' मेनू आहे, त्यात 'डाउनलोड विंडोज सपोर्ट सॉफ्टवेअर' निवडा. डेस्कटॉपवर 'विंडोजसपोर्ट' नावाचं फोल्डर तयार होईल. ते एका पेन ड्राइव्हवर कॉपी करा. हा पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला हवा, म्हणजे मॅक आणि विंडोज दोघांनाही वाचता येतो.

कधी कधी हे डाउनलोड मध्येच तुटतं, किंवा मॅकओएस उघडतच नाही. अशा वेळी 'ब्रिगेडियर' नावाचं मोफत साधन उपयोगी पडतं. गिटहब या सॉफ्टवेअरच्या साइटवर टिम सटन यांच्या नावानं ते मिळतं. तुमच्या मॉडेलसाठी अ‍ॅपलनं कुठलं पॅकेज ठेवलं आहे हे ते अ‍ॅपलच्याच यादीतून शोधतं, उतरवून घेतं आणि उलगडून ठेवतं. ड्रायव्हर अ‍ॅपलचेच, फक्त आणून देणारा वेगळा. कुठल्याही विंडोज मशीनवर आधी सेव्हनझिप बसवा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ब्रिगेडियरचं नाव, एक जागा सोडून दोन डॅश आणि लागूनच इंग्रजीत मॉडेल हा शब्द, आणि पुढे वहीत उतरवलेली ओळख टाका. मोठी-लहान इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम जसेच्या तसे हवेत. 'मोफत ड्रायव्हर अपडेटर' म्हणून ज्या जाहिराती दिसतात त्यांच्याकडे मात्र चुकूनही जाऊ नका.

फोल्डर उघडून आत 'बूटकॅम्प' नावाचं फोल्डर आणि त्यात 'सेटअप' फाईल आहे ना, एवढं डोळ्यांनी बघा. मगच पुढे.

विंडोजचा पेन ड्राइव्ह

विंडोज ११ ची आयएसओ फाईल, म्हणजे बसवायचं अख्खं विंडोज असलेली एकच फाईल, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा. फाईल मोठी आहे, मोबाइलच्या डेटावर अवघड जाते, तेव्हा वायफाय असेल तिथे बसा. विंडोज १० का नाही, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या मशीनवरून पुढे जीएसटीचं पोर्टल आणि बँक उघडायची आहे त्यावर मी ते नव्यानं बसवत नाही. परवान्याची की रीतसर विकत घ्या. 'अ‍ॅक्टिव्हेटर' म्हणून जी फाईल पेन ड्राइव्हवरून गावभर फिरते ती हिशेबाच्या मशीनवर येता कामा नये. त्यात काय दडलेलं आहे याची हमी कोण देणार?

अडचण अशी की विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट ही मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी लागते, आणि या एअरमध्ये टीपीएम नाही. शिवाय आयएसओतली 'इन्स्टॉल' नावाची मुख्य फाईल ४ जीबीपेक्षा मोठी असते, ती फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर मावत नाही, आणि मॅकला सुरू व्हायला फॅट३२ च सगळ्यात मानवतं. या दोन्ही अडचणी 'विनडिस्कराइटर' हे छोटं मोफत अ‍ॅप मॅकवरच सोडवतं. तेही गिटहबवर आहे आणि जुन्या मॅकओएसवरही चालतं.

अ‍ॅप उतरवलं की त्यावर डबल क्लिक केल्यावर मॅक 'डेव्हलपर ओळखीचा नाही' म्हणून अडवेल. उजवं क्लिक करून 'ओपन' म्हणा, मग उघडतं. वरच्या चौकटीत आयएसओ निवडा, खाली १६ जीबीचा पेन ड्राइव्ह. इथे क्षणभर थांबून नाव आणि आकार वाचा, कारण निवडलेला ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह त्या वेळी मशीनला लावूनच ठेवू नका. फाईल सिस्टम फॅट३२ ठेवा, इन्स्टॉलरच्या अटी काढून टाकण्याच्या पर्यायावर टिक करा, जुन्या बायोसचा पर्याय रिकामा सोडा आणि सुरू करा. मोठी फाईल तुकडे करून लिहिली जाते तेव्हा पट्टी बराच वेळ एकाच जागी दिसते. अ‍ॅप अडकलेलं नसतं, पेन ड्राइव्ह हळू असतो. चहा करून या.

डिस्कमध्ये जागा

पूर्ण मॅक पुसून फक्त विंडोज ठेवायचं, की दोन्ही? १२८ जीबीतही मी थोडा मॅक ठेवते. उद्या काही बिघडलं तर तपासायला तो लागतो. १२८ जीबीच्या डिस्कवर प्रत्यक्षात १२१ जीबी दिसतात, त्यातले ७५ विंडोजला आणि उरलेले मॅकला, ही वाटणी चालते. विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबीची आहे.

टाइम मशिन, म्हणजे मॅकचा आपोआप होणारा बॅकअप, बंद करा, नाहीतर त्याच्या जुन्या प्रती जागा अडवून बसतात. 'डिस्क युटिलिटी'त आतली डिस्क निवडून 'पार्टिशन' वर जा. व्हॉल्यूम हवा की पार्टिशन असं विचारेल, पार्टिशनच म्हणा. आकार ७५ जीबी, फॉरमॅट एक्सफॅट, नाव इंग्रजीत काहीही. मशीन चार्जरला लावलेलं हवं आणि हे चालू असताना झाकण मिटायचं नाही.

बसवणं

विंडोजचा पेन ड्राइव्ह लावून मशीन बंद करा, ऑप्शन दाबून सुरू करा. राखाडी पडद्यावर आतली डिस्क आणि शेजारी 'ईएफआय बूट' लिहिलेलं नारिंगी-पिवळं चित्र दिसेल. तोच पेन ड्राइव्ह. त्यावर जाऊन एंटर.

विंडोजचा सेटअप सुरू होतो. या मशीनचा कीबोर्ड चालतो, ट्रॅकपॅड दाबून क्लिक होतं, बोट टेकवून होत नाही. ते नंतर. 'हा पीसी अटी पूर्ण करत नाही' असा निरोप आलाच तर एक पायरी मागे जा आणि शिफ्ट, एफएन आणि एफ१० एकदम दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजीत रेजएडिट लिहून एंटर करा. डाव्या बाजूला लोकल मशीन, सिस्टम, सेटअप असं उतरत जा आणि सेटअपखाली 'लॅबकॉन्फिग' नावाची नवी की करा. त्यात ३२ बिटच्या डीवर्ड प्रकारच्या दोन नोंदी घाला, 'बायपासटीपीएमचेक' आणि 'बायपाससिक्युअरबूटचेक', शब्द जोडून आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये. दोन्हींची किंमत १. खिडक्या बंद करून पुढे जा, अडवणार नाही.

मग डिस्कच्या भागांची यादी येते. इथे घाई नको. पहिला २०० एमबीचा ईएफआय भाग मशीन सुरू करून देणारा, त्याला हात लावायचा नाही. मोठा भाग मॅकचा आहे, विंडोजला तो ओळखता येत नाही, त्यालाही हात लावायचा नाही. तुम्ही केलेला ७५ जीबीचा भाग आकारावरून ओळखा, तो निवडून 'डिलीट' म्हणा, आणि जी मोकळी जागा दिसेल तीच निवडून पुढे जा. लागणारे छोटे भाग विंडोज स्वतः करून घेतं. मशीन दोन-तीनदा बंद-चालू होईल. मध्येच मॅक उघडला तर घाबरू नका, पुन्हा ऑप्शन दाबून 'विंडोज' निवडा.

यानंतर विंडोज म्हणतं, इंटरनेट जोडा. आणि वायफायच्या यादीत काहीच नसतं, कारण या एअरमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफायचा ड्रायव्हर अजून बसलेलाच नाही. इथे बरीच मंडळी अडकतात. यूट्यूबवर कमांडच्या नाना युक्त्या सांगतात, त्यातल्या काही नव्या आवृत्त्यांत बंद झाल्या आहेत. मी अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं मॅकला लावते आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करते. विंडोजला ते वायरचं इंटरनेट म्हणून दिसतं आणि गाडी पुढे जाते. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर टेदरिंगचा पर्याय फोनमध्ये उमटतच नाही.

डेस्कटॉप आला की ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह लावून 'बूटकॅम्प' फोल्डरमधला 'सेटअप' चालवा. पडदा मध्येच काळा होतो, आवाज येतो-जातो, सगळं होऊ द्या. ब्रिगेडियरही आता थेट याच मशीनवर चालवता येतं, आणि तेव्हा मॉडेल सांगावं लागत नाही, ते स्वतः ओळखतं. पुन्हा चालू केल्यावर वायफाय दिसेल, कॅमेरा चालेल, उजेड कमी-जास्त होईल. मग विंडोज अपडेट, सगळं संपेपर्यंत.

हिशेबाच्या कामासाठी चार गोष्टी

खाली घड्याळाशेजारच्या चिन्हांत बूट कॅम्पचं चिन्ह असतं, तिथून त्याचं कंट्रोल पॅनेल उघडा. ट्रॅकपॅडमध्ये 'टॅप टू क्लिक' चालू करा. कीबोर्डमध्ये एफ१, एफ२ या की साध्या फंक्शन की म्हणून वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. टॅली शिकणाऱ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. एफ४ काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस, ही बोटं बसली पाहिजेत, आणि एफ५ दाबल्यावर कीबोर्डचा दिवा मंद होत असेल तर बोटं बसणार कशी? ऑप्शन म्हणजे ऑल्ट, कमांड म्हणजे विंडोज की. डिलीटसाठी एफएन आणि डिलीट, होमसाठी एफएन आणि डावा बाण. आकड्यांचा वेगळा यूएसबी कीपॅड घ्याच. वरच्या ओळीतून रकमा टाकायची सवय लागली तर पुढे ऑफिसात वेग येत नाही.

घड्याळ तपासा. मॅक आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतो आणि विंडोज स्थानिक वेळेवर, त्यामुळे मॅकमधून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तासांनी हललेली दिसू शकते. बूट कॅम्पचे ड्रायव्हर पूर्ण बसले असतील तर त्यातली एक सेवा हे सांभाळून घेते. वेळ चुकीची दिसली तर ड्रायव्हर अर्धवट बसलेत असं समजून सेटअप पुन्हा चालवा. पहाटे मशीन उघडलं आणि तारीख कालची दिसली, तर त्या दिवशीची बिलं कुठे जातील ते सांगायला नको.

टॅलीप्राइम परवान्याशिवाय एज्युकेशनल मोडमध्ये चालतं, त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेतल्या जातात. सरावाला तेवढं पुरतं. मराठीसाठी भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत, वेगळं काही बसवायला नको.

रोज विंडोजच उघडावं असं हवं असेल तर ऑप्शनच्या पडद्यावर विंडोजचं चित्र निवडा, कंट्रोल दाबून धरा आणि मग त्याखालच्या बाणावर क्लिक करा. बॅटरी मॅकओएसपेक्षा विंडोजमध्ये लवकर उतरते, त्यामुळे मशीनबरोबर मूळचा ४५ वॉटचा मॅगसेफ २ चार्जरही मागून घ्या. बाजारातले स्वस्त नकली चार्जर मी लावू देत नाही, ते फार तापतात.

महिन्याची सुरक्षा अपडेट माझ्याकडच्या मशीनवर नेहमीसारखी येतात. पण मायक्रोसॉफ्टच्या अटींत हे मशीन बसत नसल्यानं तशी हमी कंपनी देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आपोआप उतरेल असं धरून चालू नका. ती आपल्याला हातानं करावी लागते. म्हणून ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह पुसू नका. त्यावर मॉडेलची ओळख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि मशीन ज्या घरी जाईल त्याच घरी तो पाठवा. टॅलीच्या डेटाचा बॅकअप दर आठवड्याला दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्यायला लावा.